मालक अंतराळात जातात

नव्या रॉकेटच्या पहिल्या चाचणी उड्डाणात खरा उपग्रह सहसा कुणी ठेवत नाही. फुटलं तरी कुणी रडणार नाही, असं काहीतरी वजन ठेवतात. स्कूटर शिकताना मीही पहिल्या फेरीला मागे मेहुण्यालाच बसवलं होतं, आणि दोघेही गटारात गेलो होतो. परवा टीव्हीवर एका कंपनीचं असंच पहिलं उड्डाण दाखवत होते. मालकाने आत स्वतःचा पितळी पुतळा ठेवला होता. निवड अगदी अचूक, मला वाटलं.

शेजारी माझी पुतणी बसली होती. कॉलेजात तिने आणि मैत्रिणींनी केलेला चिमुकला उपग्रह याच रॉकेटमधून न्या, म्हणून तिने किती विनवलं होतं! उत्तर आलं, या खेपेला जागा नाही, पुढच्या उड्डाणात नेऊ.

"पुतळ्याला बरी जागा मिळाली! फुटू दे लेकाचं," मी म्हणालो.

"असं नको ना बोलूस, काका! हे फुटलं तर पुढचं उड्डाण होणारच नाही."

झालं! त्या पितळी मिशांच्या सुखरूप प्रवासासाठी मी मुकाट्याने हात जोडले. रॉकेट वर गेलं, पुतणी आनंदाने किंचाळली. पुतळा आता तिथेच फिरत राहणार. चौकात उभा असता, तर निदान कबुतरांनी त्याची लायकी दाखवली असती.