सिंग्युलर मॅट्रिक्स आणि नानांची मोटर

स्क्रीनवर पुन्हा तीच लाल ओळ आली : ‘सिंग्युलर मॅट्रिक्स’. पाटील सर माझ्या खुर्चीमागे उभे होते.

“चौधरी, उद्या धुळ्याला मीटिंग आहे. निकाल कोण मांडणार ते मी अजून ठरवलेलं नाही.”

बोलले माझ्याशी, पाहिलं मात्र शेजारच्या टेबलावरच्या नाझनीनकडे.

आमची लॅब जळगावात. रावेरच्या केळीबागांमधले आकडे आमच्याकडे येतात. कशामुळे घडाचं वजन किती वाढलं, ते सॉफ्टवेअर काढून देतं. धुळ्याला जो निकाल मांडेल, पुढचा प्रोजेक्ट त्याचा. तो मला हवा होता. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. रावेरहून मला इथे शिकायला ठेवलं ते नानांनी, माझ्या काकांनी. नाझनीन धुळ्यातल्या देवपूरची, माझ्या मागून नोकरीला लागलेली. तरी सरांच्या तोंडी ती ‘नाझनीन मॅडम’ आणि मी ‘अरे चौधरी’. हे रोज टोचायचं.

एरर तसा सोपा आहे. दोन कॉलम एकच गोष्ट सांगत असतील, तर कोणाचा वाटा किती हे सॉफ्टवेअरला ठरवता येत नाही. ते थांबतं. मी कॉलम तपासले. वीज असल्याचे तास आणि ठिबकची मोटर चालल्याचे तास, प्रत्येक बागेत तंतोतंत सारखे.

“सर, फील्डवाल्यांनी एकच कॉलम दोनदा भरलाय. फाइल परत मागवू.”

“मॅडम, तुम्हाला काय वाटतं?”

मी सांगितल्यावर तिला विचारायची काय गरज होती?

“असेलही,” नाझनीन म्हणाली. “पण आधी एखाद्या शेतकऱ्याला विचारते.”

फाइलमधली पहिलीच बाग नानांची. तिने फोन स्पीकरवर टाकला.

“नाना, लाइट आल्यावर मोटर किती वेळाने चालू करता?”

“मी कशाले करू? ऑटो लावेल आहे, पोरी. लाइट आली का मोटर चालू, गेली का बंद. इथं बठ्ठ्यांचं, साऱ्या गावाचं असंच आहे. अन् आमचा पोऱ्या तिथंच आहे ना? त्याले विचारायचं. ऑटो त्यानंच बसवेल आहे!”

सर मोठ्याने हसले. नाझनीन हसली नाही, याचाही मला राग आला.

फाइल बरोबर होती. आम्ही एक कॉलम काढला, सॉफ्टवेअर चाललं. धुळ्याला ती बोलली, मी स्लाइड पुढे सरकवल्या. कोणीतरी विचारलं, विजेचा कॉलम का वगळला? तिने ऑटोचं सांगितलं. “हे आम्हाला चौधरी सरांच्या काकांनी सांगितलं,” असंही म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या, तिच्याकडे पाहून.

प्रोजेक्ट तिला मिळाला. मी त्यातच काम करतो, तिच्या हाताखाली. ती अजून मला ‘सर’ म्हणते.

नव्याने लागलेल्यांना मी एवढंच सांगतो : एरर आला की फाइलवर संशय घेण्याआधी शेतावर फोन करा. आणि तो स्वतः लावा, शेजारच्या टेबलाला लावू देऊ नका.