न मागितलेला कागद

गंगापूर रोडवरच्या अंजली निरभवणे निर्यातदारांचे बँकांशी अडलेले तंटे सोडवायच्या. परदेशी गिऱ्हाइकाची बँक एलसी देते, म्हणजे ठरल्या अटींचे कागद दाखवा आणि पैसे घ्या, अशी हमी. "बँक कांदा हुंगत नाही, कागद बघते," असं त्या येणाऱ्या प्रत्येकाला दरडावून सांगायच्या.

नामपूरचे कांदा व्यापारी धोंडीराम अहिरे आले, त्यांनाही तेच ऐकवलं. त्यांचा कंटेनर बोटीवर चढला तो एलसीची मुदत उलटल्यावर. माल भरायच्या दिवशीच कांदा साठवायच्या चाळीत निवडणी करणारी म्हातारी कुसाबाई काम करता करता वारली. गावात मयत असताना हमाल गोणीला हात लावत नाहीत. धोंडीरामांनीही लावू दिला नसता. तिकडे भाव पडलेले, गिऱ्हाइकाला निमित्तच हवं होतं. पैसे अडले.

अंजलीताईंनी भांडून, भाव थोडा उतरवून तोडगा काढला. सोबतच्या खुलाशात लिहिलं, 'मजुरांअभावी उशीर.'

धोंडीराम म्हणाले, "मॅडम, कुसाबाईचं नाव लिवा."

"अहो, तिकडे कोण वाचतंय?"

"नाय वाचलं तर नाय. तिच्या हातचा कांदा तर खातील ना?"

ताईंनी गुमान नाव लिहिलं आणि खुलासा बाकीच्या कागदांना जोडला.

पैसे आले. खुलासा तेवढा परत आला. एलसीत न मागितलेला कागद, म्हणून न वाचता परत, असा बँकेचा शेरा होता.

नियम अगदी बरोबर होता. आयुष्यभर त्यांनीच तो लोकांना दरडावून सांगितला होता. नामपूरला फोन करून काय सांगायचं, ते मात्र त्यांना सुचेना.