सातारा ते निफाड: कांद्याच्या सालींवर चालणारी टर्बाइन बघायला

डॉक्टरांनी शालनला धुरापासून लांब राहायला सांगितलं होतं. तिने मला मात्र एवढंच सांगितलं, "काय न्हाई वैनी, नुसता खोकला हाय." खरं काय ते तिच्या सुनेकडून कळलं.

साताऱ्याजवळ आमचा भाज्या वाळवायचा छोटा कारखाना आहे. लाकडाची भट्टी पेटवायची, तिच्या धगीवर हवा तापवायची आणि त्या हवेत कांदा, गाजर, मेथी सुकवायची. एकोणीस वर्षं ती भट्टी शालनच सांभाळते. त्याच सुमारास एका ओळखीच्या व्यापाऱ्याने सांगितलं, की निफाडजवळ मंदाताई नावाच्या बाईंनी भट्टी बंद करून गॅसवरची छोटी टर्बाइन बसवली आहे. वीजही तिचीच आणि कांदाही तिच्याच उष्णतेवर वाळतो. मी फोन केला. "या की, दोन दिवस ठेवूनच या," मंदाताई म्हणाल्या. मी शालनला सोबत घेतलं, कारण धग माझ्यापेक्षा तिला कळते.

जानेवारीतल्या एका पहाटे निघालो. पुणे ओलांडायलाच उशीर झाला. चाकणच्या गर्दीतून सुटलो की नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा रस्ता छान आहे. गाडीने जाणार असाल तर चाकण सकाळी आठच्या आत गाठा. नारायणगावला चहाला थांबलो, तेव्हा शालनने विचारलं, "ते मशीन आलं, की भट्टी बंद?"

"हो."

"मग मी?"

मी भज्यांची प्लेट तिच्याकडे सरकवली. तिने एक भजं घेतलं.

मुक्काम नाशिकरोडला, स्टेशनजवळच्या साध्या लॉजवर केला. खोली स्वच्छ होती, पण गरम पाणी सकाळी फक्त तासभर. दुसऱ्या दिवशी मिसळ खाल्ली. शालनला पापड आणि दह्यासकट आलेल्या मिसळीचं फार नवल वाटलं. मग चांदोरीवरून निफाडचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा होत्या, मध्येच ऊस, आणि लासलगावकडे निघालेले कांद्याचे ट्रॅक्टर. त्यांच्या मागे अडकलात तर घाई करू नका, बागा बघा. निफाडची थंडी मात्र चेष्टेवारी नेऊ नका. आम्ही दोघी कारखान्यात शालीसकट शिरलो.

मंदाताई साठीच्या, कपाळावर चष्मा चढवलेला. "आधी भाकरी, मग मशीन," म्हणाल्या. बाजरीची भाकरी, कांद्याच्या पातीचा झुणका आणि ठेचा पोटात गेल्यावर त्यांनी आम्हाला सलीमभाईंच्या हवाली केलं. सलीमभाई पूर्वी ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. आता टर्बाइन त्यांच्याकडे असते.

टर्बाइन म्हणजे दोन कपाटं शेजारी ठेवावीत एवढी पेटी. मी खडखडाटाची तयारी ठेवून गेले होते. ऐकू आली ती एकसारखी बारीक शिट्टी. कांद्याच्या साली आणि शेण टाकीत कुजवून गॅस करतात. तो जाळला की आतलं चाक प्रचंड वेगाने फिरतं आणि वीज तयार होते. जळून बाहेर पडणारा धूर खूप गरम असतो. तो नळ्यांतून नेतात, नळ्यांभोवतीची स्वच्छ हवा तापते, आणि तीच हवा कांद्याच्या कापांवर सोडतात. धुराचा मालाला स्पर्श होत नाही.

"कांद्याच्या गॅसात गंधक लय," सलीमभाई म्हणाले. "तो लोखंडाच्या किसातून गाळून नाय घेतला तर मशीन खाऊन टाकंल. थंडीत ही खूश असती. एप्रिलात जरा कुरकुरती."

शालनने विचारलं, "तुमच्याकडं आधी भट्टीवर कोण हुतं?"

"माझी जाऊ, कावेरी," मंदाताई म्हणाल्या. "आता गॅसची टाकी तीच बघती. पहिले सहा महिने माझ्याशी बोलत नव्हती."

दुपारी तीनच्या सुमारास बाहेरची सरकारी लाईन गेली. टर्बाइन त्या लाईनला जोडलेली असल्यामुळे अशा वेळी आधी थांबते आणि मग बॅटरीवर पुन्हा सुरू होते. त्या दिवशी ती झाली नाही. गॅसचा फिल्टर तुंबला होता. पंखे बंद पडले. वाळवणीच्या बंद खोलीत गरम, ओला कांदा, आणि हवा हलत नाही. असा माल तासाभरात तपकिरी पडतो आणि आंबतो. जुना जनरेटर मंदाताईंनी विकून टाकला होता. तुम्ही टर्बाइन बसवणार असाल तर तो विकू नका, हा माझा एकच फुकटचा सल्ला.

सलीमभाई फिल्टरकडे धावले. कामावरच्या बायका दारात घोटाळत उभ्या राहिल्या. शालनने पदर खोचला, दार उघडलं, कापांत हात घातला. "ही निम्मी वाळलीत, ऱ्हाऊ द्या. ती खालची आधी काढा, ती घामेजल्यात." कुणीही तिला तू कोण म्हणून विचारलं नाही. मीही ट्रे उचलायला लागले. ओले काप बाहेर ताडपत्रीवर पातळ पसरले. गार, कोरडा वारा होताच. चाळीस मिनिटांनी ती शिट्टी पुन्हा सुरू झाली.

एका ट्रॉलीवरचा कांदा गेला, बाकी माल वाचला. मंदाताईंनी शालनला चहा स्वतः आणून दिला. "मशीनला उष्णता किती हाय ते समजतं," त्या म्हणाल्या, "कांद्याचं काय चाललंय ते नाय समजत. मला असं माणूस पायजे. येता का इकडं?"

शालन हसली. "वैनींना विचारा."

परतीच्या वाटेवर सिन्नरच्या पुढे मीच विषय काढला. "टर्बाइन आली तर वाळवणीची खोली तू बघायचीस. नाही आली तरी उद्यापासून भट्टीवर तू बसायचं नाहीस."

"मग कोन बसनार?"

"सध्या मी."

हिशेब घरी येऊन मांडला. आमच्या एकट्याच्या साली पुरणार नाहीत. शेजारच्या गोठेवाल्याशी बोलणी चालू आहेत. त्याचं शेण, आमच्या साली, गॅस दोघांचा. उष्णता दिवसभर वापरात राहिली तरच ही टर्बाइन परवडते, आणि आमचं काम वर्षातले आठच महिने. जमेलसं वाटतं, पण वर्ष जाईल. तोवर भट्टीची पाळी शालन सोडून आम्ही चौघांनी वाटून घेतली आहे. शालनचा खोकला कमी झालाय, गेलेला नाही.

माझ्या पाळीच्या तिसऱ्या दिवशी डोळ्यांतून पाणी थांबेना. नाक शिंकरलं तर रुमाल काळा. शालन वाळवणीच्या खोलीतून आली, माझं स्टूल उचलून भट्टीच्या दुसऱ्या बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "वैनी, वाऱ्याकडं पाठ करून बसा. मला हे कुनी सांगितलं नव्हतं. मला कळायला दोन वर्सं लागली."