पाचव्या घरचा जोगवा

नवस माझ्यासाठी बोललेला होता आणि तो फेडायला मीच तयार नव्हतो. सुरुवात इथूनच करायला हवी, नाहीतर पुढचं वाचून कुणी मला मोठा भाविक समजायचं. या प्रसंगाच्या चार वर्षं आधी मला विषमज्वर झाला होता. कित्येक दिवस शुद्ध नव्हती. त्या दिवसांत माझ्या पत्नीनं देवीला साकडं घातलं, की हे उठून बसले तर माझ्या माहेरच्या गावात स्वतः पाच घरी जोगवा मागतील. मी उठून बसलो, हिंडूफिरू लागलो, आणि नवसाचं ऐकून तिच्यावरच चिडलो. तेव्हा लढाई चालू होती. निजाम सरकार प्रत्येक शेतकऱ्याकडून ठरावीक ज्वारी सक्तीनं घ्यायचं, तिला लेव्ही म्हणत. जिंतूरच्या गोदामावर ती ज्वारी मोजून घेणारा कारकून मी. शेरवानी घालून खुर्चीवर बसलो की गाड्या घेऊन आलेली माणसं लांबूनच वाकायची. अशा माणसानं दारोदार पीठ मागायचं म्हणजे काय? ती दर वर्षी आठवण करायची, मी दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकलायचो. शेवटी तिनं विचारणं सोडलं, आणि मला वाटलं, चला, सुटलो.

चौथ्या वर्षी माघात ती तापानं पडली. ताप उतरला, पण अन्नावरची वासना गेली ती गेलीच. घास तोंडात घेतला की तो तसाच बाहेर यायचा. भाताची पेज, मुगाचं कढण, दूध, काही पोटात ठरेना. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. हकीमसाहेबांनी नाडी पाहिली आणि मला ओसरीवर बोलावून सांगितलं, "खाली पेट में दवा क्या करेगी, मुन्शीजी? चार घास जाऊ द्या, मग माझी दवा. नाहीतर आता ऊपरवाला." त्या रात्री तिनं कूस बदलली आणि म्हणाली, "आमच्या गावची भाकर खावी वाटायलीय." नवसाचं नाव तिनं काढलं नाही. काढलं असतं तर मी वाद घातला असता. आई दारात उभी होती. ती म्हणाली, "देवीसाठी जाऊ नको, बाबा. तुझा विश्वास नाही ते मला माहीत आहे. हिच्यासाठी जा."

मंगळवारी मी तिच्या माहेरी, चारठाण्याला निघालो. अर्धी वाट एका ओळखीच्या गाडीतून गेलो, उरलेली पायी. फाल्गुनाचं ऊन होतं, शाळूची काढणी होऊन रानं मोकळी पडली होती. हे गाव जुनं आहे. जिकडे जावं तिकडे काळ्या दगडाची देवळं, बहुतेक ओस, कुणाच्या गाभाऱ्यात देव आहे तर कुणाच्या गाभाऱ्यात कबुतरं. इतकं कोरीव काम आणि बघायला कुणी नाही. बाहेरचा माणूस तिथं येतो तो एक तर पाहुणा म्हणून, नाहीतर सरकारचा म्हणून. सासूसासरे कधीच वारले होते, मेहुणा नव्हता, घर दुसऱ्याच्या हाती गेलं होतं. म्हणजे मी पाहुणा उरलो नव्हतो. दुसरं काय उरलं, याचा विचार मी केला नव्हता.

पहिल्या दारासमोर उभा राहिलो तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. जोगवा मागताना काय म्हणतात ते लहानपणापासून ऐकलेलं, पण ऐकणं वेगळं आणि म्हणणं वेगळं. शेवटी ओरडलो, "अंबाबाईचा जोगवा वाढा, माय!" आवाज मलाच दरडावल्यासारखा वाटला. आत भांडं वाजलं. एका बाईनं दाराच्या फटीतून पाहिलं आणि दार लागलं. दुसऱ्या घरी दार उघडंच होतं, मी हाक मारल्यावर ते आतून ओढून घेतलं गेलं. तिसऱ्या घरी म्हातारा अंगणात बसला होता. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "आता काहीच न्हाई जी घरात. खरंच न्हाई. आत येऊन बघा पायजे तर." मी म्हणालो, मूठभर पीठ. तो पुन्हा म्हणाला, "बघा की, आत येऊन बघा," आणि उठून दारातून बाजूला झाला. मला त्याचा राग आला. देवीच्या नावानं मागणाऱ्याला कुणी रिकाम्या हातानं पाठवत नाही, ही आपल्याकडची रीत, आणि या गावाला रीतभात नाही, असं मनात म्हणत मी पुढं गेलो. दुपारपर्यंत अख्खी गल्ली चिडीचूप झाली. पोरंसुद्धा दिसेनात.

वेशीबाहेर देवीचं लहानसं देऊळ आहे, त्याच्या पायरीवर जाऊन बसलो. इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मरणाच्या दारात होतो तेव्हाही कुणीतरी उशाशी बसलेलं असायचं. इथं माझ्याकडे बघून दारं लागत होती. घरी ती उपाशी पडली आहे, मी रिकामा परत जाणार, आणि ती काही विचारणारही नाही. देवळात गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार? पायरीवर बसून नुसता म्हणालो, 'माझ्या हातून होत नाही. तुला काय करायचं ते कर.' याला प्रार्थना म्हणायचं असेल तर म्हणा. त्यात भक्ती नव्हती, हात टेकणं होतं.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब, सरकारी पोतं घेऊन जोगवा मागायलाव व्हय?"

साठीच्या घरातली एक आराधीण होती. कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, हातात एकावर एक ठेवलेल्या दोन परड्या. मी खाली पाहिलं. घरातून निघताना जोगवा घ्यायला काही सापडेना म्हणून गोदामातलं एक रिकामं पोतं घडी करून आणलं होतं. काळ्या शाईचा सरकारी शिक्का बरोबर वर आला होता. अंगात शेरवानी, डोक्याला टोपी, पायात वहाणा, काखेत लेव्हीचं पोतं, आणि तोंडानं म्हणतो काय तर पीठ वाढा! मोजण्यात सारा जन्म घालवलेल्या मला एवढंही दिसलं नव्हतं. बाई हसली. मलाही हसू आलं आणि हसता हसताच डोळे भरले. मग मी तिला सगळं सांगितलं. बायकोचं दुखणं, नवस, चार वर्षांची टाळाटाळ, सगळं.

"काढा ते," ती म्हणाली. शेरवानी काढली, टोपी काढली, वहाणा काढल्या. तिनं हळदीकुंकवाची बोटं माझ्या कपाळावर ओढली आणि एक परडी माझ्या हातात दिली. वेताची जुनी परडी, कडा कुंकवानं लाल झालेल्या. "माझ्या मालकाची हाय. त्येला जाऊन दोन वर्सं झाली. घरात हिला उचलणारं कुणी न्हाई, म्हनून आज वढ्याला सोडून द्यावी म्हनलं. पाया पडायला आले तर तुमी बसलेले."  मी त्यावर काही म्हणत नाही. ती त्या दिवशी, त्या वेळी आली होती, एवढं मात्र खरं आहे. "पोटातून हाक मारा," ती म्हणाली, "साहेबावानी नगा वरडू. अन् कुणाला नाव सांगू नगा. मागणाऱ्याला नाव नसतंय."

मी अनवाणी त्याच गल्लीत गेलो. पहिल्या घरच्या बाईनं दार उघडलं, ओंजळभर पीठ घातलं आणि परडीला हात लावून तो कपाळाला लावला. दुसऱ्या घरी जात्याशी बसलेली मुलगी उठली आणि सुपातलं ताजं पीठ घेऊन आली. तिसऱ्या घरच्या म्हाताऱ्यानं मला ओळखलंच नाही. काहीच न्हाई म्हणणाऱ्या त्या घरातून पीठ आलं, वर मिठाचा खडा आला. चौथ्या घरी एका विधवा बाईनं विचारलं, "माझ्या हातचं चालंल का?" मी म्हणालो, "आई, मागणाऱ्याला काय विचारता?" हे वाक्य माझ्या तोंडून आलं याचं मला अजून नवल वाटतं.

पाचव्या घरी मी हाक मारायच्या आतच घरधनी बाहेर आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तो थांबला. मीही थांबलो. माणसांचे चेहरे मी कधी पाहत नसे, माझी नजर मापावर असायची. पण हा चेहरा मला आठवला. मागच्या हंगामात गोदामासमोर याच्या गाडीवरून पोतं उतरवताना फुटलं होतं आणि ज्वारी धुळीत सांडली होती. मी खुर्चीवरून म्हणालो होतो, "मातीतलं सरकार घेत नाही. दुसरं आण." त्याची बायको गुडघ्यांवर बसून दाणा दाणा पदरात वेचत होती, आणि गाड्या खोळंबल्या म्हणून मी तिच्यावरही खेकसलो होतो.

"तुमी," तो हळू म्हणाला. "जिंतूरच्या गोदामावरचे."

मी मान हलवली.  परत फिरावं असं वाटलं, पण चार घरांच्याच पिठावर परतलो तर घरी तिला काय सांगायचं? तसाच उभा राहिलो. ऊन पाठीला लागत होतं. त्यानं दार लावलं असतं तर ते योग्यच झालं असतं, आणि ते मला त्या वेळीही कळत होतं.

आतून बाईचा आवाज आला, "कोण आलंय वो?"

तो माझ्यावरची नजर न काढता म्हणाला, "देवीचा मानूस आलाय. भरून आण."

तीच बाई बाहेर आली. टोपी-शेरवानीवाचून तिनं मला ओळखलं नाही. दोन ओंजळी पीठ घातलं आणि विचारलं, "कुणासाठी मागायलाव, बाबा?" मी म्हणालो, घरी मंडळी आजारी आहे, अन्न जात नाही. "आगं माय!" ती म्हणाली आणि आत गेली. येताना पळसाच्या पानात जवसाची चटणी बांधून आणली. "तोंडाला चव नसंल तिच्या. भाकरीसंगं द्या. जेवंल बगा ती." मग दोघांनी वाकून परडीला नमस्कार केला. तो वाकला तेव्हा त्याचं डोकं माझ्या हातांच्या खाली होतं. गोदामावर माणसं माझ्यापुढं रोज वाकायची, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. इथं तो मला वाकत नव्हता, हे पुरतं ठाऊक असून मी एक पाऊल मागं सरलो. माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यानं हलकेच मान हलवली आणि बायकोकडे पाहिलं. तिला कळू नये, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मी परडी सावरून वळलो.

देवळापाशी आलो तर आराधीण पायरीवर डुलक्या घेत होती. परडी परत देऊ लागलो तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. वढ्याला गेल्यापरीस बरं." त्या दिवशी मी पहिल्यांदा देवीसमोर उभा राहिलो आणि काहीही मागितलं नाही. दिवसभर मागून झालं होतं.

बुधवारी आईनं त्या पिठाची भाकरी थापली. पाच घरचं पीठ एकात एक मिसळलेलं, कुणाचं कुठलं ते सांगता येत नव्हतं. पत्नीनं तुकडा चटणीला लावून तोंडात घातला आणि डोळे मिटले. आम्ही मायलेक श्वास धरून बसलो. घास खाली गेला. दुसराही गेला. चतकोर भाकरी संपली तेव्हा ती म्हणाली, "चटणी अजून हाय का?" आई उठून पडद्याआड गेली, रडायला. मी पत्नीला सगळं सांगितलं, पाचव्या घरचंही, धुळीत वेचलेल्या दाण्यांसकट.  ती म्हणाली, "आपण दोघं जाऊ त्यांच्याकडं. मला बरं वाटलं की."

ती हळूहळू बरी झाली. हकीमसाहेब म्हणतात दवा लागू पडली, आई म्हणते जोगवा पावला. मी दोघांशीही वाद घालत नाही. पूर्वी घातला असता. मला एवढंच कळलं, की आपल्या हातात आहे ते सोडून हात रिकामे केल्याशिवाय त्यात कुणी काही घालू शकत नाही, आणि घालणारा कोण असेल हे ठरवणं आपल्याकडे नसतं. गोदामावरची बदली मी मागून घेतली. नवी जागा कमी मानाची आहे. झोप बरी लागते.

वैशाखात आम्ही दोघं चारठाण्याला गेलो. वाटेत मी माफीचे शब्द जुळवत होतो. गाडीतून उतरून मी पुढं आणि ती माझ्या मागं, अशी आम्ही पाचव्या घरच्या अंगणात उभी राहिलो. तो दाराशी दोर वळत बसला होता. माझ्या मनात होतं, आज हा काय म्हणेल ते मान खाली घालून ऐकायचं. त्यानं दोर खाली ठेवला, उठला, आणि मी हात जोडायच्या आधीच त्यानं विचारलं,

"जेवल्या का वैनी?"

 माझ्या मागून ती पुढं आली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "जेवले, दादा."