पावणेतीनची जाग

डॉक्टर तपासत होते माझ्या बायकोचा जबडा आणि आजार निघाला माझा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीच्या दवाखान्यात शालन पदरानं तोंड धरून बसली होती. "मोरीत घसरले," असं ती सांगत होती आणि मी शेजारी उभा राहून मान डोलावत होतो. माधवनगरच्या गिरणीत चार माग सांभाळणारा गडी मी, पण खरं बोलायला जीभ उचलेना.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला, मग माझ्याकडे बघितलं. "हा घसरल्याचा मार नाही."

तेव्हा मी कबूल केलं. लाथ माझी होती, पण मारल्याचं मला आठवतच नव्हतं. दारू पितो का, किती वर्षं रात्रपाळी आहे, असं त्यांनी बरंच खोदून विचारलं. दारूला मी कधी शिवलो नव्हतो. रात्रपाळी मात्र वर्षभर सलग चालू होती. त्या वर्षात मी उठताना तांब्या भिरकावला होता, आईला वेडंवाकडं बोललो होतो. कुणी सांगितलं की मी त्यांनाच खोटं पाडायचो.

"याला स्लीप ड्रंकननेस म्हणतात," डॉक्टर म्हणाले. म्हणजे गाढ झोपेतून एकदम उठवलं की अंग उठतं, डोकं झोपलेलंच राहतं. चिठ्ठीच्या मागं त्यांनी पेन्सिलीनं चढउतार काढला. झोप साधारण दीड दीड तासाच्या फेऱ्यांनी येते, ती स्लीप सायकल. फेरीत झोप खोल जाते आणि शेवटी वर येते. वर आली असताना उठलं तर माणूस ताजा उठतो.

मी सकाळी पावणेनऊला झोपायचो. शालन साडेबाराला उठवायची, म्हणजे बरोबर तिसऱ्या फेरीच्या मध्यावर. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून पायाशी वाकून अंगठा हलवायची. त्यामुळं लाथ तोंडावर बसली.

"पण साडेबाराला उठवता कशाला?" डॉक्टरांनी तिला विचारलं.

दात न उघडता ती म्हणाली, "आवं, त्ये जेवल्याबिगर मी कशी जेवू?"

बारा वर्षांचा संसार आमचा. मला वाटायचं, बायको माझ्या पोटाची काळजी करते. ती पहाटेपासून उपाशी असायची, हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं. त्या खोलीत मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मोडलेला जबडा सांधायला तिचे दात तारेनं बांधले. दीड महिना नुसती पेज आणि ताक. पलूसहून तिचा फौजी भाऊ आला. दारातच म्हणाला, "दाजी, तार निघाली की ताईला न्हेनार. परत धाडनार न्हाई."

खिडकीला गोणपाट लावून मी झोपेची वही ठेवली. चार फेऱ्या म्हणजे सहा तास, पावणेनऊपासून पावणेतीन. पहिले आठ दिवस फसले. मग हळूहळू जमलं, आणि एके दिवशी पावणेतीनला आपोआप डोळे उघडले. डोकं लख्ख होतं. रात्रपाळीवाल्या भावांनो, सगळ्यांची फेरी एकसारखी नसते. पंधरा दिवस आपापली वेळ टिपा, आणि घरच्यांनी उठवायचंच तर लांबून हाक मारावी.

तार काढली त्या दिवशी भाऊ पिशवी घेऊनच आला होता. मी सगळ्यांदेखत हात जोडले. "लाथ मीच मारली. झोपंत मारली म्हनून ती हलकी हुईत न्हाई."

शालन जड जबड्यानं म्हणाली, "मी हितंच ऱ्हानार. पर आता तुमच्याआदी मी जेवनार." भाऊ पिशवी उचलून एकटाच एसटीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी मी पावणेतीनला उठून स्वयंपाकघरात गेलो. शालन ताटावर बसली होती. साडेबाराला वाढून घेतलेलं, भाकरी वाळून गेलेली. मला बघताच तिनं ताटावर पदर ओढला.

"जेवली न्हाईस व्हय?"

"घास उतरंना," ती खाली बघत म्हणाली. "तुमच्याआदी जेवायची लाज वाटती."

लाज तिला वाटत होती! मी ताजी भाकरी तिच्या ताटात टाकली आणि पाठ फिरवून बसलो. तिचं जेवण होईपर्यंत मागं वळून बघितलं नाही.