रविवारी तेल

मी धाकटी बहीण, तोंडाने फटकळ. त्यामुळे आधीच सांगते, मालकाची बाजू मांडायला माझ्याकडे कोणी येऊ नये.

माझी ताई शिलाई मशीन दुरुस्त करते. एकाच दुकानात अठरा वर्षं हेच काम केलं. गिऱ्हाइकाला मशीन चालवायला लावायची, कान जवळ न्यायची आणि पाना हातात घेण्याआधीच बिघाड कुठे आहे ते सांगायची. गिऱ्हाईकं दुकानाचं नाव विसरली. दारातूनच विचारायची, "मशीनताई आहे का?" मालकाला ते फार सलायचं.

दुरुस्त केलेल्या प्रत्येक मशीनच्या लाकडी झाकणात, आतल्या बाजूला, ती एक चिठ्ठी चिकटवायची. स्वतःच्या अक्षरात: 'दर रविवारी तेल घाला.' मालक खेकसायचा, "अगं, लोकांनी तेल घातलं तर मशीन बिघडणार कधी? आपण काय माश्या मारत बसायचं? माझा कागद वाया घालवू नकोस." ताई दुसऱ्या दिवसापासून कागद घरून न्यायला लागली. गोंदही.

यंदा तिने नोकरी सोडली आणि लाँड्रीशेजारी एक चिंचोळी खोली भाड्याने घेतली. मी कचेरीत दिवसभर कॉम्प्युटरवरच असते, म्हणून म्हटलं, "आधी वेबसाइटचं नाव घेऊन ठेवू. हल्ली लोक सगळं फोनवर शोधतात." तिचं आपलं एकच, "आधी बोर्ड." सोमवारी बोर्ड लागला, 'मशीनताई'. गुरुवारी मी नाव नोंदवायला बसले तर ते गेलेलं! मंगळवारीच कोणीतरी घेतलं होतं. तो पत्ता उघडला तर समोर मालकाचं दुकान, आणि वर ठळक अक्षरांत, 'तुमची मशीनताई इथेच.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी तिथल्या तिथे फोन लावला. मालकाच्या तोंडात साखर! "नाव तिचंच आहे की. उद्यापासून कामावर ये म्हणावं, मिटलं."

ताईचा चेहरा एवढासा झाला. अठरा वर्षं राबून एक नाव कमावलं होतं, तेच हिसकावलं. मी म्हटलं, "पुढे काहीतरी जोडू. 'मशीनताई नवीन' चालेल का?"

"माझ्याच नावाची शेपटी होऊ मी? अजिबात नाही!"

समोर एका बाईंची जुनी मशीन आलेली होती. ताईने तिचं झाकण उचललं, उलटं केलं आणि माझ्यापुढे धरलं. चिठ्ठी पिवळी पडली होती, कोपऱ्यावर तेलाचा डाग होता.

"'रविवारी तेल' मोकळं आहे का बघ."

"लोकांना तेलाचं दुकान वाटेल, बाई!"

"वाटू दे. ज्यांच्या घरी माझ्या हातची मशीन आहे, त्यांना बरोबर कळेल."

नाव मोकळं होतं. या वेळी शेवटचं बटण दाबेपर्यंत ती माझ्या डोक्यावर उभी. "मालकीच्या रकान्यात माझंच नाव टाकलंस ना? पूर्ण टाक." मग त्याच संध्याकाळी बोर्डाखाली वेबसाइटचा पत्ता, 'रविवारी तेल', रंगवून घेतला.

चौथ्या दिवशी एक वयस्क शिंपी रस्त्यातच थबकले, मग तरातरा आत आले. "अहो, ही तर माझ्या मशीनमधली चिठ्ठी! दर रविवारी बघतो मी. आणि त्या जुन्या दुकानात मला सांगतात, मशीनताईने कामच सोडलं!" त्यांनी पत्ता त्यांच्या ओळखीच्या सगळ्या शिंप्यांना सांगितला. पाठ करायला लागलाच नाही कोणाला. महिनाभरात खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

मग मालकाचा फोन आला. या वेळी साखर संपली होती. "त्या चिठ्ठ्या माझ्या दुकानात लावलेल्या आहेत. ते नाव बंद कर, सांगून ठेवतो."

ताईने पाना खाली ठेवला. आवाज जरासुद्धा चढवला नाही.

"कागद माझा, गोंद माझा, अक्षर माझं. तुम्हाला खुपत असतील तर काढा की! घरोघरी जा, एकेक झाकण उघडा. आणि उघडलंच आहे, तर तेवढं तेल घालून या."