आतली कडी

सुताराने जन्मभर कपाटंच केली. लोकांच्या कपड्यालत्त्यांना ऐसपैस जागा करून दिली आणि स्वतःचा संसार मात्र नऊ वर्षं स्वयंपाकघरात रेटला. पुढच्या खोलीत आई, धाकटा भाऊ आणि भावजय. मागे हे दोघं. नळही मागेच, त्यामुळे ज्याला तहान लागे तो यांच्या अंथरुणावरून जाई. नवराबायकोला धड भांडताही येत नसे. रागही गिळायचा, हसूही गिळायचं. असं गिळून गिळून माणूस किती दिवस गोड राहणार?

शेवटी बायको बहिणीकडे निघून गेली. जाताना म्हणाली, "तुमच्यावर राग नाही माझा. पण मला आतून कडी लावता येईल असं दार झालं, तरच बोलवा. नाहीतर वेगळे झालो असं समजा."

सुतार तसा अबोल, पण एकदा मनावर घेतलं की ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकणार नाही. कामावरून आला की उरल्यासुरल्या फळ्यांवर रंधा मारत बसायचा. स्वयंपाकघरात फळ्यांची भिंत घालणार म्हटल्यावर, उजेड अडेल म्हणून आई कुरकुरली. त्याने वर काच बसवली. भाऊ म्हणाला, एवढ्याशा जागेत माणसं कशी मावणार, त्यापेक्षा कपाटच कर. ती थट्टा त्याने कानाआड केली. नळाकडे जायला वाट सोडून पंधरा दिवसांत सात बाय सहा फुटांची खोली उभी केली आणि बायकोला निरोप धाडला.

ती आली, दाराकडे पाहिलं, आणि हातातली पिशवी काही खाली ठेवेना. कडी बाहेरच्या बाजूला होती. वीस वर्षं कपाटांना कड्या ठोकलेला हात सवयीने चालला होता.

"मी काय कपडा आहे, आत ठेवून बाहेरून लावायला?"

सुताराचा चेहरा खर्रकन उतरला. तिने एकच गोष्ट मागितली होती आणि त्याने नेमकी तिथेच माती खाल्ली होती. सबब न सांगता त्याने पेचकस काढला आणि कडी आत बसवली. मग ती आत गेली. कडी लागली.

आईने चहा केला, तरी दार उघडलं नाही. चहा गार होतोय, बोलाव तिला, असं आई म्हणाली. सुतार हलला नाही. नऊ वर्षांत बायको घडीभरही एकटी बसली नव्हती, हे त्याला आत्ता उमगत होतं आणि फार वाईट वाटत होतं. पुष्कळ वेळाने त्याने दारावर हलकेच टकटक केलं.

"कोण?"

त्या घरात हे आजवर कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

"मी," तो म्हणाला, आणि कडी निघेपर्यंत बाहेर थांबला.